सोमवारची कोरी पाटी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी मी हसून सोडून देते, हे तुम्हालाही माहीत आहे.

शाहूपुरीत एका करसल्लागाराच्या ऑफिसात मी हिशेब बघते. चहा आला आणि कुणाच्या तरी भानगडीचा विषय निघाला की नजरा माझ्याकडं वळतात. ‘तुमचं बरं हाय की वो मॅडम. काय बी करायचं, रविवारी चर्चात जाऊन कबूल करायचं, सोमवारी पाटी कोरी. आमाला मातूर केल्यालं फेडाय लागतंय.’ म्हणणारी माणसं मनानं वाईट नाहीत. डिसेंबरात माझ्याकडच्या करंज्या सगळ्यात आधी तीच संपवतात. पण दर वेळी तेच, त्याच शब्दांत, आणि वर डोळा मारून. (‘तुम्ही मूळचे कोण?’ हा दुसरा प्रश्न आज घेत नाही. त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले तिथपासून सुरू करावं लागेल, आणि चहा गार होईल.)

तर, सिनेमात दिसते ती लाकडी खोली आणि जाळीमागं बसलेले फादर आमच्याकडं नाहीत. ते कॅथलिकांकडं. आम्ही प्रोटेस्टंट. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजात, प्रभुभोजनाच्या विधीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याआधी सगळे मिळून पापांगीकाराची प्रार्थना म्हणतात, थोडा वेळ गप्प राहून ज्यानं त्यानं आपलं देवाला सांगायचं असतं, झालं. आणि कॅथलिकांवरही तुम्ही अन्यायच करताय. 1215 सालच्या लॅटरन परिषदेपासून त्यांना वर्षातून एकदा तरी पापनिवेदन बंधनकारक आहे. पण फादरनी क्षमा उच्चारली म्हणून चोरीचा माल कपाटात ठेवायची मुभा मिळत नाही. नुकसान भरून देणं त्यांच्या शिकवणीत धरलेलंच आहे. सिनेमावाले तेवढा भाग कापतात.

हे उत्तर चहा संपायच्या आत देता येतं. देत नाही, कारण तुमचा प्रश्न मी फार पूर्वी ऐकलाय, आणि तेव्हा तो माझ्या आईनं विचारला होता.

आमच्या गल्लीत एक गृहस्थ भिशी चालवायचे. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो. मंडळीतलेच, कॅरलला पेटी वाजवणारे. आई एका दवाखान्यात आया होती. तिनं भिशीतला आपला नंबर मुद्दाम शेवटी घेतला होता. मधेच पैसे हातात आले तर घरात जिरतील आणि ताईच्या नर्सिंगच्या प्रवेशाला मिरजेत एकरकमी भरायला काही उरणार नाही, हा तिचा हिशेब. 24,000 रुपये. शेवटी शेवटी भिशी लांबायला लागली, आज उद्या आज उद्या, आणि एका सकाळी मामांच्या दाराला कुलूप. ताई नर्स झाली नाही. एवढंच लिहिते, कारण ती हे वाचणार आहे आणि तिच्यासाठी कुणी हळहळलेलं तिला खपत नाही.

बऱ्याच वर्षांनी मामा परत आले. दारू सुटली होती, हात थरथरायचे थांबले होते, बायकोमुलांना नीट सांभाळत होते. हे सगळं खरं होतं. मी आजही नाकारत नाही. एका घरी प्रार्थनासभा होती, तिथं ते साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सांगायला, उभे राहिले. खोलीत सतरंजीवर बायका, भिंतीकडेनं खुर्च्यांवर पुरुष, दारात चपलांचा ढीग. मामांनी बायबलातलं 51 वं स्तोत्र वाचलं, दावीद राजाचं. ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे.’ तिथं त्यांना रडू फुटलं, पुढचं वाचता येईना. खोटं रडत नव्हते. मग सावरून मीखा संदेष्ट्याच्या सातव्या अध्यायावर आले: देवानं माझी सगळी पापं समुद्राच्या तळाशी टाकून दिली. चहूकडून हालेलूया, टाळ्या.

आई सतरंजीवरून उठायला लागली. गुडघे धरत उठायची त्यामुळं वेळ लागला, आणि लोकांना वाटलं हिलाही साक्ष द्यायचीय. कुणीतरी ‘प्रेज द लॉर्ड’ म्हणालंसुद्धा. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि मामांना म्हणाली, ‘समुद्रात टाकली ती तुमची पापं. माझे पैसे पण तिथंच गेले का?’

संदेश द्यायला बाहेरगावचे पाळक, म्हणजे पास्टर, आले होते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते मऊ आवाजात म्हणाले, ‘ताई, देवानं ज्याला क्षमा केली त्याला दोषी ठरवणारे आपण कोण? आपण रोज प्रार्थनेत म्हणतो ना, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे...’

‘म्हणते की. रोज म्हणते,’ आई म्हणाली. ‘पण सोडायला ह्यांनी माझ्याकडं मागितलं कुठं? ह्यांनी परस्पर तुमच्या देवाकडं मागितलं, आणि तुमच्या देवानं मला न विचारता दिलं. मग पाटी कोरी. बरं आहे की.’

आयुष्यभर उपासना न चुकवलेली बाई ‘तुमच्या देवानं’ म्हणाली. कुणीतरी घाईघाईनं गीत सुरू केलं, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत, आणि सगळ्यांनी सुटका झाल्यासारखं उचलून धरलं. मामा पुस्तकात बघत उभे होते, ओठ हलत नव्हते. आईनं ढिगातून आपल्या चपला शोधल्या. तिला एक सापडेना. गाण्याचं एक कडवं संपून दुसरं लागलं तरी ती शोधतच होती, आणि खोलीतलं कुणी मदतीला उठलं नाही. मीही नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. रस्त्यानं जाताना मी आईला म्हटलं, ‘चार लोकांत पैशासाठी देवाचं नाव काढलंस.’ ती म्हणाली, ‘मी कुठं काढलं? त्यांनी काढलं.’ त्या कॉलेजातल्या मुलीला मी आता इथं कान धरून उभं करेन असं वाटत असेल तर नाही. तिच्याही बाजूला काही आहे. येते तिकडं.

पण आधी माझा राग. पुढं कितीतरी दिवस 51 वं स्तोत्र मला वाचवेना. ‘तुझ्याविरुद्धच’? मग दाविदाच्याच सैन्यातल्या उरीयाचं काय? दाविदानं त्याची बायको घेतली, त्याला लढाईत मारायला पाठवलं, आणि कबुलीत त्याचं नावही नाही? म्हणून मी उलटं गेले आणि ही गोष्ट जिथं आहे ते 2 शमुवेल हे पुस्तक नीट वाचायला घेतलं, लहानपणी गोष्ट म्हणून ऐकलेलं नव्हे, ओळीओळीनं. तिथं नाथान संदेष्टा दाविदाला श्रीमंत माणसानं गरिबाची एकुलती एक कोकरी लाटल्याची गोष्ट सांगतो. आरोपी आपणच आहोत हे कळायच्या आधी दावीद भडकून निकाल देतो: त्या कोकरीची चौपट भरपाई करायला लावा. तोंडातून हिशेबच बाहेर पडतो, बघा. मग नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस, आता तलवार तुझ्या घराण्याला सोडणार नाही. दावीद कबूल करतो, आणि लगेच उत्तर येतं: परमेश्वरानं तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. पण त्याच दमात, झालेलं मूल मरेल.

ते मूल मरतं. कोरी पाटी म्हणणाऱ्यांना मी हा अध्याय दाखवते आणि मग गप्प होते, कारण पुढं कुणी विचारलं की त्या मुलानं काय केलं होतं, तर माझ्याकडं उत्तर नाही. मंडळीत मला जी उत्तरं मिळाली ती ऐकून घेतली. पटलं एकही नाही.

बायबलातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायानं मात्र मला आधार दिला. तो सहसा कुणी वाचत नाही. यज्ञ, चरबी, राख, कंटाळा येतो. ठेव बुडवली, शेजाऱ्याला फसवलं, तर काय करायचं ते तिथं सरळ लिहिलंय. मुद्दल पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा, ज्याचं त्याला, आणि ते दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचा यज्ञ, आणायच्या दिवशीच. म्हणजे आईचे 24,000, अधिक 4,800. एकूण 28,800. गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर पुढची शंकाही घेतलीय: ज्याला द्यायचं तो राहिला नाही आणि त्याचं जवळचं कुणी नसेल तर? तर ते याजकाकडं जातं. फसवणाऱ्याकडं राहत नाही. माझ्या पेशातल्या बाईला हे वाचून किती बरं वाटलं असेल! मी आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘पाचवा हिस्सा राहू दे. दारात तरी यायचं.’

इथं ती कॉलेजातली मुलगी मला अडवते. लूकच्या शुभवर्तमानाचा 15 वा अध्याय उघड, म्हणते. उधळ्या मुलगा घराकडं येताना बापाला काय म्हणायचं ते घोकत येतो: मी पाप केलंय, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला चाकरांसारखं ठेवा. प्रत्यक्षात चाकराच्या वाक्यापर्यंत तो पोचतच नाही. बाप आधीच झगा आणा, अंगठी आणा म्हणून ओरडायला लागलेला असतो. मुद्दल नाही, पाचवा हिस्सा नाही. हिशेब विचारणारा त्या गोष्टीत एकच आहे, थोरला भाऊ, आणि तो शेवटपर्यंत घराबाहेर उभा आहे. आणि त्या जकातदार जक्कयाचं बघ, म्हणते. तो चौपट देतो हे खरं, पण येशू त्याच्या घरी जातो ते आधी. पैशाचा शब्द येशूनं काढलेला नाही.

मी तिला म्हणते, थोरल्या भावाचे पैसे कुणी बुडवले नव्हते. बाप त्याला म्हणतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. माझ्या आईला असं कोण म्हणालं? ती म्हणते, आणि आईनं कुणाला आत येऊ दिलं? हे आमचं असंच चालतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात.

बुधवारच्या बायबल अभ्यासात आम्ही निर्गम या पुस्तकाचा 34 वा अध्याय घेतला होता. सोन्याच्या वासराचं प्रकरण होऊन गेलंय, आज्ञांच्या दगडी पाट्या फुटल्यात, आणि देव मोशेला स्वतःची ओळख सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, पापाची क्षमा करणारा. आणि श्वास न घेता पुढं: अपराध्याची मुळीच गय न करणारा, वडिलांच्या दुष्टाईचा मुलानातवंडांत, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत समाचार घेणारा. दोन्ही एकाच वाक्यात. नंतरच्या लोकांनी ते वाक्य आपापल्या सोयीनं तोडलंय, हे लक्षात आलं तेव्हा मला हसूच आलं. योना संदेष्टा निनवे शहराला क्षमा मिळाली म्हणून रागावून बसतो तेव्हा देवाला पहिला अर्धा भाग ऐकवतो, तक्रार म्हणून: तू असा दयाळू आहेस हे मला ठाऊकच होतं, म्हणून मी येत नव्हतो. त्याच निनवेबद्दल नहूम संदेष्टा बोलतो तेव्हा मंदक्रोध एवढं ठेवून थेट ‘गय करीत नाही’वर जातो, आणि इ.स.पू. 612 मध्ये निनवे खरंच पडली. जुन्या करारात या दोघांच्या मधोमध मीखा बसलाय, मामांचा समुद्र घेऊन.

मी अभ्यासात म्हटलं, मामा योनाचा अर्धा वाचत होते आणि आई नहूमाचा. आमच्यातल्या एक वयस्क बाई म्हणाल्या, ‘आणि तू सोयीनं दोन्ही.’ मला राग आला. अजून थोडा आहे.

आता राहिलेलं सांगते. मामा आले दारात. त्या सभेनंतर लगेच नाही, बराच काळ मध्ये गेला. पाकिटात 5,000 रुपये होते. ‘ताई, चुकलं माझं,’ एवढंच म्हणाले, स्तोत्र वगैरे काही नाही. आईनं त्यांच्यासमोर नोटा मोजल्या, वहीत लिहिलं, चहा केला. ‘माफ केलं’ म्हणाली नाही. मग ते येत राहिले, कधी हजार, कधी पाचशे, आणि दर वेळी ती मोजायची, लिहायची, चहा टाकायची. पूर्ण फिटायच्या आत मामा गेले. आई दफनाला गेली, मूठमाती दिली, परत येऊन अंघोळ केली आणि त्या वहीबद्दल एक अक्षर बोलली नाही.

वर्षभरानं त्यांचा मुलगा उरलेली रक्कम घेऊन आला. शिरोलीत फौंड्रीत कामाला आहे, ओव्हरटाइम करून साठवलेले. आईनं घेतले नाहीत. ‘देणं तुझ्या बापाचं होतं. तू कशाला फेडतोस?’ यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात हेच आहे, मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. तिनं तो वाचला होता की नाही, मला ठाऊक नाही. मला तेव्हा वाटलं, केवढं मोठं मन. मुलाचा चेहरा बघितल्यावर तसं वाटेना. त्याला ते पैसे द्यायचेच होते. देऊन मोकळं व्हायचं होतं.

आई जाऊनही आता काळ लोटला. तो मुलगा उपासनेत माझ्या दोन बाकं पुढं बसतो. गेल्या महिन्यात बाहेर पडताना त्यानं मला गाठलं. ‘ताई, मावशींनी पप्पांना माफ केलं होतं का?’

मी त्याला मूठमातीचं सांगितलं, चहाचं सांगितलं. तो म्हणाला, ‘ते तर त्या कुणालाही करायच्या.’ मग मी त्याला यहेज्केल 18 काढून दाखवला. त्यानं तिथंच चर्चच्या पायरीवर उभ्यानं पूर्ण अध्याय वाचला. म्हणाला, ‘ह्यात पाप कुणाचं ते हाय. माफी झाली का न्हाई ते कुठं हाय?’

मी त्याला म्हटलं, बुधवारी ये, बघू. बुधवारी त्याची सेकंड शिफ्ट असते.