काटा लागला, पण लायनफिशचा नाही

दिवस १२४. तापमान २६.४, सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) १.०२५, अमोनिया शून्य, नायट्रेट २० च्या आसपास. माशाची टाकी मजेत आहे. माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट मात्र अजून किंचित सुजलेलं आहे. त्याची हकिकत पुढे येईलच, आधी तात्याचं बघू.

नव्यांसाठी थोडक्यात: नेरूळला चौथ्या मजल्यावर तीन फुटी टाकी आहे, साधारण १८० लिटरची. तिच्यात एकच फझी ड्वार्फ लायनफिश, म्हणजे विषारी काट्यांचा छोटा समुद्री मासा, राहतो. तात्या हे नाव आईने ठेवलं. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखा तो दिवसभर कपारीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे नापसंतीने बघत असतो. व्होलिटान्स, म्हणजे मोठ्या जातीचा लायनफिश, घ्यायचा मोह झाला होता, पण तो फूटभराच्याही पुढे वाढतो आणि आमच्या हॉलमध्ये तेवढा संसार मांडता येत नाही. ड्वार्फ वीतभरात थांबतो. टाकीतले दगड सिरॅमिकचे आहेत. प्रवाळ आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे 'लाइव्ह रॉक (समुद्रातला जीव धरलेला प्रवाळाचा दगड) आणून देतो' म्हणणाऱ्याला मी हात जोडले.

मुख्य प्रगती खाण्याची. जानेवारीत आणला तेव्हा तात्या फक्त जिवंत मॉली, म्हणजे गोड्या पाण्यातले छोटे मासे, खात होता. दुकानात गिऱ्हाइकाला तोच खेळ दाखवायचे. पण रोज जिवंत मासे पुरवणं महाग, आणि त्याच्या तब्येतीलाही बरं नाही. गोड्या पाण्यातल्या माशांवर वाढवलेल्या लायनफिशच्या यकृतात चरबी साचते. गोल्डफिशचं तर नावच नको, त्यात थायमिनेज असतं आणि ते बी-१ जीवनसत्त्वाची वाट लावतं. म्हणून मेलेल्या करंदीवर आणायचं ठरवलं. पहिले दोन आठवडे तात्याच्या लेखी मेलेली करंदी म्हणजे खडा. पुढ्यात पडली तरी मान वळवायचा नाही.

माझी चूक अशी होत होती की मी करंदी त्याच्या तोंडाकडे ढकलत होतो. जगात कुठलीही करंदी स्वतःहून तोंडाकडे चालत येत नाही! मग एअर पंपाच्या नळीतली कडक, पारदर्शक जात आणली, टोक तिरकं कापलं, करंदीची शेपटी त्यात खोचली आणि ती त्याच्यापासून लांब न्यायला लागलो. दोन झटके, थांबा. एक झटका, थांबा. मधे चार दिवस उपास घडवला होता. तेविसाव्या दिवशी रात्री तो कपारीतून उतरला, पोटाखालच्या परांवर पावलं टाकल्यासारखा वाळूवरून चालत आला. दोन्ही बाजूंचे पंखे उघडले आणि करंदीला काचेच्या कोपऱ्यात कोंडलं. डोकं थोडं खाली, पाठीचे काटे पुढे कललेले. अर्धा मिनिट काहीच नाही. माझा हात अवघडला. मग करंदी होती, आणि नव्हती. तोंड पुढे आलेलं दिसतच नाही, तो पाण्यासकट ओढून घेतो. लगेच थुंकली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा घेतली. मी आईला हाक मारली, तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "मॉली वाचल्या का मग?"

आता दिवसाआड दोन करंद्या, मधूनच माकूळ किंवा बोयचा बारीक तुकडा. करंदी दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून आणतो, आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवतो, देताना बी-१ चे थेंब टाकतो. रोज खायला घालू नका. भुकेची नाटकं तो उत्तम करतो.

सोबतीला टाकलेला डॅम्सेल नावाचा छोटा मासा चाळिसाव्या दिवशी सकाळी नव्हता. कोणी साक्षीदार नाही. तात्याच्या तोंडात मावेल ते तात्याचं, एवढं धरून चाला.

चौसष्टाव्या दिवशी घाबरलो होतो. अंगावर पांढुरकी साय, डोळ्यावरही पडदा. बुरशी समजून औषध मोजून चमचा हातात घेतला होता. तेवढ्यात तो पंपाच्या धारेत शिरला, अंग झटकलं आणि लसणाच्या पापुद्र्यासारखी कात सुटून फिल्टरकडे गेली. या कुळातले मासे अशी कात टाकतात, अंगावर धरलेलं शेवाळ वगैरे त्यासोबत निघून जातं. चमचा धुऊन ठेवला.

मे महिन्यात चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) पाणी तिशीच्या पुढे गेलं. पंख्याने भागवायचं तर पाणी उडून सॅलिनिटी चढते. चिलर घ्या, विषय संपवा.

आता बोट. तात्याला विषारी काटे अठरा: पाठीवर १३, पोटाखालच्या दोन परांत एकेक, मागच्या खालच्या परात ३. ते ऐटदार पंखे दिसायला भयंकर, पण त्यांत विष नसतं. काट्याला पिचकारीही नसते. काट्याच्या खाचेत विषाची ग्रंथी आणि वर पातळ कातडं असतं. आपण टोचून घेतलं की कातडं मागे दबतं आणि विष खाचेतून जखमेत उतरतं. म्हणजे तात्या अंगावर येत नाही, आपण त्याच्यावर हात ठेवतो. म्हणून घरात नियम आहे: तात्या दिसल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. काच चुंबकाने पुसतो, दगड लांब चिमट्याने हलवतो. रबराच्या पातळ हातमोज्यांवर विसंबू नका, काटा त्यांतून आरपार जातो.

एवढी शिस्त पाळून ११६व्या दिवशी, रविवारी, मला काटा लागला तो शिंगाळ्याचा. करंदीसोबत आईने कालवणासाठी शिंगाळा सांगितला होता. त्याला पाठीवर एक आणि बाजूच्या परांत दोन, असे तीन दातेरी काटे असतात. विकणारी मावशी कोयत्याच्या पाठीने मोडून देते, एक राहून गेला. सिंकमध्ये पिशवी उलटी केली आणि तो बोटात गेला. कळ थेट कोपरापर्यंत, ठणका असा की उभं राहवेना.

टाकीच्या स्टँडवर मी लायनफिशसाठी कागद चिकटवून ठेवला आहे, तो शिंगाळ्याला कामी आला. दोन्हींचं विष प्रथिनांचं, उष्णतेने निकामी होणारं. पाणी ४० ते ४५ अंश, सोसेल इतकंच, अर्धा ते दीड तास. टाकीचा सुटा थर्मामीटर बादलीत टाकला, ४३ वर आणलं. पाणी आईने आपल्या हाताने तपासलं, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही आणि वर भाजून घ्यायची वेळ येते. वीसेक मिनिटांत कळ खांद्यावरून उतरल्यासारखी ओसरली. मग डॉक्टर, काट्याचा तुकडा राहिलाय का म्हणून एक्स-रे, धनुर्वाताचं इंजेक्शन. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला असता तर बादली वगैरे सोडून आधी हॉस्पिटल, हेही त्या कागदावर आहे.

काल दिवाळ्याला मावशीला बोट दाखवलं. पोटभर हसली. "काचंतल्या मावऱ्याला भितस, न् आमचा शिंगाला इसरलास? गरम पान्यान बुरवलास ना? बरा केलास." तिला डिग्री ठाऊक नाहीत, उपाय ठाऊक आहे.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. एका दुकानदाराने व्होलिटान्स विकताना शेजारच्या मुलाला सांगितलं, "मोठा झाला की खाडीत सोडून दे." असं बोलणारे सगळीकडे असावेत. फ्लोरिडाजवळ लायनफिश पहिल्यांदा १९८५ मध्ये सापडला, टाकीतून सुटलेला किंवा सोडलेला असावा असंच मानतात. तिथे त्याला खाणारं फारसं कोणी नाही आणि एक मादी वर्षाला वीस लाखांच्या घरात अंडी घालते. आता कॅरिबियनभर भाले घेऊन त्याच्या शिकारीच्या स्पर्धा लावतात. मुलाला मी माझा नंबर दिला आहे. मासा झेपला नाही तर मला सांग, खाडी नको.

आज बोटामुळे नळी उजव्या हातात धरली, त्यामुळे करंदी रोजच्या उलट्या बाजूने आली. तात्या आधी डाव्या, रिकाम्या कोपऱ्यापाशी जाऊन पंखे उघडून थांबला. बराच वेळ थांबला. मग सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.