‘फाइल खराब आहे’ असं वेबसाइट म्हणाली तरी ती पुसू नका

आधी महत्त्वाचं सांगते: जुन्या फोनमधलं रेकॉर्डिंग ऑनलाइन एमपी३मध्ये बदलताना वेबसाइटने ‘फाइल खराब आहे’ असा निरोप दिला, तर त्यावर विश्वास ठेवू नका. मी थोडे दिवस ठेवला आणि त्या दिवसांचा राग अजून जात नाही.

माझे काका भजनीबुवा. कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव, गणपतीत डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, समोर दुसऱ्या गावचे बुवा. सुरुवातीच्या रूपावलीपासून शेवटच्या गजरापर्यंत काकांचा आवाज एकदाही खाली यायचा नाही. ते आता नाहीत. त्यांच्या बाऱ्या माझ्या भावाने दोन वेगवेगळ्या कीपॅडच्या फोनवर टिपून ठेवल्या होत्या आणि सगळ्या फायलींच्या नावाच्या शेवटी एएमआर असं होतं. आताच्या फोनवर त्या वाजेनात. पुतण्या-भाच्यांना ऐकायच्या होत्या, म्हणून एमपी३ करायचं काम मी घेतलं.

पहिल्या फोनमधल्या फायली सरळ झाल्या. वेबसाइट उघडली, फाइल चढवली, एमपी३ उतरवून घेतली. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या फोनच्या फायलींनी मात्र जीव काढला. फाइल चढायची, पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जायची आणि मग लाल अक्षरांत ‘फाइल खराब आहे किंवा हा प्रकार चालत नाही’. दुसरी वेबसाइट, तिसरी वेबसाइट, निरोप तोच. एकीने तर बदललेली फाइल दिलीसुद्धा, पण ती पूर्ण मुकी. नेमकी ह्याच फोनमध्ये काकांची शेवटची बारी होती, त्यामुळे मला रात्री झोप लागेना. मेमरी कार्ड घेऊन एका दुकानात गेले. त्यांनी न ऐकताच सांगितलं की कार्ड गेलंय, रिकव्हरी करावी लागेल, खर्च हजारांत जाईल आणि खात्री नाही. पैसे देण्याची माझी तयारी झाली होती. भाऊ म्हणाला, ‘ताई, एकदा कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकून बघ.’

व्हीएलसीत फाइल टाकली आणि काकांचा गजर सुरू झाला! थोडी खरखर होती, पण आवाज अख्खा. म्हणजे कार्डाला काहीही झालं नव्हतं. मग वेबसाइटला का नको?

कारण असं निघालं. त्या दुसऱ्या फोनने फाइलला नाव एएमआरचं दिलं होतं, पण आतली बांधणी थ्रीजीपीची, म्हणजे मोबाइलच्या दुसऱ्या एका फाइल-प्रकाराची होती. आवाज एएमआरमध्येच दाबलेला, पण भोवतीचं वेष्टन वेगळं. बऱ्याच वेबसाइट नावाच्या शेपटीवरून ठरवतात की फाइल कशी वाचायची. व्हीएलसी आत डोकावून ठरवतं. एवढाच फरक, आणि त्यासाठी मला सांगितलं गेलं की काकांचा आवाज गेला.

हे तुम्हाला घरीच तपासता येतं. फाइलची प्रत काढा (मूळ फाइलला हात लावू नका) आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. खाली सगळा कचरा दिसेल, त्याकडे लक्ष देऊ नका. अगदी पहिली अक्षरं बघा. खऱ्या एएमआरची सुरुवात हॅशची खूण, उद्गारचिन्ह आणि एएमआर ही तीन इंग्रजी अक्षरं (#!AMR) अशी होते. थ्रीजीपी असेल तर सुरुवातीलाच ‘एफटीवायपी’ (ftyp) आणि त्याला लागून ‘३जीपी’ (3gp) दिसतं. तसं दिसलं तर प्रतीच्या नावाचा शेवट थ्रीजीपी (.3gp) करा आणि मग वेबसाइटवर चढवा. माझ्या सगळ्या फायली त्यानंतर विनातक्रार बदलल्या. विंडोजमध्ये नावाची ही शेपटी मुळात लपवलेली असते. फोल्डरच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर खूण केली की दिसते. हे न करता नाव बदललं तर शेपटी दोनदा लागते आणि गोंधळ वाढतो.

आता एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. एएमआर हा प्रकार मोबाइलवरच्या बोलण्यासाठी केलेला आहे. १९९९ मध्ये तो मोबाइलचा अधिकृत प्रकार म्हणून ठरला. साधा एएमआर सेकंदाला ८००० नमुनेच घेतो, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचा आवाज त्यात उरतच नाही. झांजेची चमक त्यात नाही आणि ती कुठल्याच वेबसाइटला परत आणता येणार नाही. ‘एचडी क्वालिटी’, ‘३२० केबीपीएस’ अशी बटणं दिसतात, ती दाबून फाइल फक्त फुगते. मोनो आणि ६४ केबीपीएस एमपी३ ह्या आवाजाला भरपूर झालं.

जपून ठेवायला वेव्ह (न दाबलेल्या आवाजाची फाइल) करणार असाल तर आधी सेटिंग बघा. एएमआरमध्ये तासाभराची बारी जेमतेम पावणेसहा एमबीची. ८००० नमुन्यांवर, मोनोमध्ये ठेवली तर वेव्ह ५८ एमबीच्या आसपास जाते. पण मी वापरलेल्या वेबसाइटने न विचारता सेकंदाला ४४,१०० नमुने आणि स्टिरिओ धरलं होतं, त्यात तोच तास ६३५ एमबीचा होतो. आमच्याकडच्या नेटवर ती फाइल अर्ध्यात तुटायची. आणि मूळ एएमआर कधीच पुसू नका, ती दोन ठिकाणी ठेवा.

फायली खूप असतील तर ऑनलाइनच्या नादाला न लागता एफएफएमपेग हा फायली बदलणारा प्रोग्राम घ्या. ते फुकट आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, आणि तेही आत बघून ठरवतं. शिवाय काही बाऱ्यांच्या आधी घरातली बोलणी टिपली गेली आहेत, जमिनीच्या वाटणीची, कोणाच्या लग्नाची. ती परक्या सर्व्हरवर चढवायला माझं मन तयार झालं नाही, म्हणून तेवढ्या फायली घरच्या घरीच बदलल्या.

हो, आणि फाइलचं नाव चढवण्यापूर्वी साध्या इंग्रजी अक्षरांत करा. माझी देवनागरी नावं एका वेबसाइटवरून नुसती प्रश्नचिन्हं होऊन परतली, आणि कुठल्या वर्षाची बारी कुठली हे ओळखायला प्रत्येक फाइल ऐकावी लागली.