बोटभर हवा

परवा भर दुपारी ओसरीवर फटाका फुटावा तसा आवाज झाला. पुतण्याच्या वाढदिवसाचे फुगे रात्री आड्याला बांधले होते, त्यातला निळा गेला. अर्ध्या तासाने पिवळा. बाहेर 45 अंश, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आई आतून ओरडली, "झोपू द्या न बाप्पा!" जसा काही मीच फोडत होतो.

मी पडल्या पडल्या हिशेब मांडला. खोडच आहे ती. रात्री 30 अंश धरू. हवा फुगते ती केल्विन तापमानाच्या प्रमाणात, म्हणून दोन्हींत 273 मिळवले की 303 आणि 318. म्हणजे आतली हवा फुगली ती फक्त 5 टक्के. तेवढ्याने फुगा फुटत नसतो. भावाने आधीच गच्च भरले होते, आणि या उन्हात रबर तरी किती तग धरणार? ज्या फ्रेंच शास्त्रज्ञ चार्ल्सचा हा नियम, त्याचा हायड्रोजनचा फुगा 27 ऑगस्ट 1783 ला पॅरिसहून उडाला आणि गोनेस नावाच्या खेड्यात जाऊन पडला. तिथल्या लोकांनी घाबरून त्याला भोसकून फाडला. आमच्या गावात पडता तर आधी नारळ फुटला असता, मग वर्गणी.

पण हे आकडे माझ्या डोक्यात पक्के बसले ते बाबांमुळे.

बाबांनी कापसाच्या जिनिंगमध्ये 32 वर्षं काढली. नंतर चार पावलं चालले की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, रोज फुगा फुगवा, एका दमात जमेल तेवढा. बाबांनी ते पेरणीसारखं मनावर घेतलं. सकाळी उठले की ओसरीवर बसून फुगा फुगवायचे, तोंड चिमटीत धरून ठेवायचे आणि मी सुतळीने घेर मोजायचो. जिथे टोक येईल तिथे गाठ. पहिली गाठ 48 सेंटिमीटरवर होती. महिन्याभराने 50 वर.

"एवढंच? बोटभर?" ते हिरमुसले.

मग मी त्यांना घन समजावला, हवा घेराच्या घनाने वाढते ते. घेर 48 चा 50 झाला की आतली हवा 13 टक्क्यांनी वाढते. 50 च्या घेरात दोन लिटरच्या वर हवा मावते. दोन लिटर म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. दुधाचं माप त्यांना कळत होतं. दुपारी जो येईल त्याला सांगायचे, "दोन लिटर भरतो मी."

ते मे महिन्यात. पौषातल्या एका सकाळी, अंगणात शेकोटी, पारा 12 वर, सुतळी तीन बोटं कमी भरली. बाबा गाठीकडे बघत राहिले. "काहून रे? कमी कसं आलं?"

मी म्हटलं, "थंडी आहे बाबा. तोंडातून निघते तेव्हा हवा गरम असते, फुग्यात गेली की आकसते." हिशेबही करून दाखवला. श्वास 37 अंशांचा धरला तर 310 चे 285 झाले, म्हणजे बारावा हिस्सा गेला. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"हा चार्लस हिवाळ्यात लयच खाते बाप्पा," म्हणाले, आणि फुगा सोडून दिला. तो फुर्रर्र करत तुळशीपर्यंत गेला.

हिशेब खोटा नव्हता. फक्त बाराव्या हिश्शाने घेर जेमतेम एका बोटानेच कमी होतो. उरलेल्या दोन बोटांचं मी काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही.

ती सुतळी आता कुलरच्या ताटीला बांधलेली आहे. गाठी मधे मधे येतात, नीट आवळली जात नाही. सोडवायला बसलो होतो एकदा, सुटल्या नाहीत.

हिरवा फुगा अजून आड्याला आहे.