तिसऱ्या गाडीचा उजेड

अपघातग्रस्त वाहनांची तपासणी हा मोटार वाहन निरीक्षकाच्या कामातील बहुधा सर्वांत नीरस भाग असावा. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 136 अन्वये आम्ही पोलीस ठाण्याच्या आवारात जातो, चेपलेल्या गाडीचा ब्रेक दाबून पाहतो, स्टिअरिंग फिरवतो, टायरची नक्षी आणि दिवे तपासतो, आणि अखेरीस अपघात यांत्रिक दोषामुळे झाला किंवा झाला नाही, एवढे लिहून सही करतो. बहुतेक वेळा उत्तर नकारार्थीच असते. उसाच्या गळीत हंगामातील त्या जानेवारीतही मी तेच उत्तर मनाशी धरून गेले होते.

आदल्या रात्री साडेआठच्या सुमारास, पंढरपूरकडे जाणाऱ्या एका दुपदरी रस्त्यावर, भाजीचे रिकामे क्रेट घेऊन परतणारा पिकअप उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला होता. ट्रॉलीचे चाक पंक्चर झाल्यामुळे ट्रॅक्टरवाल्याने ती निम्मी साइडपट्टीवर आणि निम्मी डांबरावर अशी उभी केली होती. मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर होता, पण लोंबणाऱ्या वाढ्यांनी तो पुरता झाकून टाकला होता. पिकअपचा चालक चोपन्न वर्षांचा, बावीस वर्षे गाडी चालवणारा, आणि त्या रात्री दारूचा थेंबही न घेतलेला. त्याचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला होता. रुग्णालयातील जबाबात त्याने सांगितले होते : ‘समोरून गाडी आली, मी दोनदा डिपर मारला, त्यानं फोकस खाली घेतला नाही, आणि मग पुढचं काहीच दिसलं नाही.’

‘सगळे असंच म्हणतात, मॅडम,’ हवालदार म्हणाले. मीही त्यांच्याशी मनातून सहमत होते, हे आज कबूल केले पाहिजे. हे वाक्य इतक्या जबाबांत वाचलेले असते की पुढेपुढे ते कारण न वाटता सबब वाटू लागते.

पिकअपचे ब्रेक उत्तम होते. ट्रॉलीबाबत रिफ्लेक्टरची नोंद करून, ट्रॅक्टरवाल्याच्या निष्काळजीपणाविषयी दोन ओळी लिहून मी निघणार होते. परंतु ट्रॉलीतला ऊस दुसरीकडे भरण्यात दिवस गेला होता आणि तपासणी संपेस्तोवर अंधार पडला. इतक्यात एक मोटार फाटकातून आत वळली आणि अख्खे आवार पांढरे फटक झाले. पंचनाम्याचे कागद आवरत असलेल्या हवालदारांनी हातातल्या पेनासकट तळवा डोळ्यांवर धरला.

गाडीतून उतरलेला गृहस्थ या प्रकरणातला साक्षीदार होता. तो किराणा दुकानदार होता. विठ्ठलाचे दर्शन घेऊन कुटुंबासह परतताना त्याला मागे मोठा आवाज ऐकू आला, तेव्हा त्याने गाडी वळवली, पत्नी, दोन मुले आणि आई यांना थंडीत रस्त्याकडेला उतरवले, आणि रक्ताने भिजलेल्या त्या अनोळखी चालकाला आपल्याच गाडीत घालून रुग्णालयात नेले. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे आणखी उशीर झाला असता तर रक्तस्रावाने तो दगावला असता. मागच्या आसनावरचे डाग अजून निघाले नव्हते.

मी त्याला विचारले, पिकअपच्या समोरून कोणती गाडी आली होती? ‘मीच येत होतो,’ तो निःशंकपणे म्हणाला. ‘माझ्या मागेपुढे दुसरं कोणीच नव्हतं. त्यानं मला डिपर दिला, पण मी तर आधीपासून डिपरवरच होतो, मॅडम. मला तर रस्ता लख्ख दिसत होता.’

तो खोटे बोलत नव्हता. खटका खरोखरच खालच्या प्रकाशझोतावर होता. दोष दिव्याच्या आत होता. त्याच्या गाडीला मुळात 60/55 वॉटचा एच-फोर हॅलोजन बल्ब होता. अशा बल्बमध्ये खालच्या झोताच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. ती प्रकाशाला परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडू देते आणि तेथून तो खाली रस्त्याकडे वळतो, म्हणून झोताला वरून स्पष्ट कड येते. आपण डावीकडून गाडी चालवत असल्याने ही कड डाव्या बाजूला थोडी वर चढते, म्हणजे कडेचा पादचारी दिसतो आणि समोरच्याचे डोळे वाचतात. साक्षीदाराने दिवाळीत एका दुकानातून एलईडी बल्ब बसवून घेतले होते. त्यांतील प्रकाशाचा उगम मूळ तारेच्या नेमक्या जागी नसेल, किंवा वाटीची आडही तशीच नसेल, तर त्याच परावर्तकातून प्रकाश जिकडेतिकडे फेकला जातो. त्यातून गाडीत पाच माणसे आणि डिकीत सामान, म्हणजे मागचा भाग दबलेला आणि नाक वर. अशा वेळी झोत खाली घेण्यासाठी डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांची एक चकती दिलेली असते. ती कशाची आहे, हे चार वर्षांत त्याने कोणाला विचारले नव्हते. (विचारणारा वाहनमालक मला अद्याप भेटायचा आहे.)

मी आवारातील भिंतीपासून दहा मीटरवर त्याची गाडी उभी करवली आणि आदल्या रात्रीच्या वजनाची बरोबरी व्हावी म्हणून आत चार शिपाई बसवले. नीट जुळवलेल्या दिव्यांची कड एवढ्या अंतरावर दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली दिसायला हवी. येथे कडच नव्हती. भिंत, तिच्यावरची कौले आणि पलीकडचा लिंब, सारे काही सारखेच उजळले होते.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 106 प्रमाणे दिव्यापासून आठ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिवा दिपवणारा नसावा. मी त्या जागी उभी राहिले, पण माझ्या अनुभवाचा त्याला काय उपयोग? म्हणून मी साक्षीदारालाच माझ्या जागी उभे केले, आणि एका होमगार्डला काळी घोंगडी पांघरून त्याच्या गाडीच्या बाजूला, थोडे मागे, उभे राहायला सांगितले. दिवे बंद असताना फाटकावरच्या मिणमिणत्या उजेडातही घोंगडी दिसत होती. दिवे लावताच ती नाहीशी झाली.

त्यात गूढ काही नाही. तीव्र प्रकाश डोळ्याच्या भिंगात विखुरतो आणि दृष्टिपटलावर एक पांढुरका पडदा धरतो, त्यामुळे अंधूक वस्तू असूनही दिसत नाही. भिंग गढूळ होत जाते तसतसा, म्हणजे वयाबरोबर, हा पडदा दाट होतो. झोत निघून गेल्यावरही डोळा सावरायला काही सेकंद लागतात, आणि ताशी 60 किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी 50 मीटर पुढे गेलेली असते. ट्रॉली त्याच्या आतच होती.

साक्षीदार बराच वेळ तसाच उभा राहिला. मग डोळे चोळत म्हणाला, ‘हे माझ्या गाडीचे दिवे आहेत?’ चार वर्षे चालवूनही, रात्रीच्या वेळी तिच्यासमोर उभे राहण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नव्हता. पुढचा प्रश्न त्याने अर्धाच विचारला : ‘म्हणजे त्या माणसाला मी...’ मला उत्तर देता आले नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 134-अ जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देते, परंतु ते मदतीपुरतेच आहे.

जुने बल्ब सुदैवाने डिकीतल्या खोक्यात होते. हवालदारांनी टॉर्च धरला आणि शिपायांपैकी एकाने ते बसवून दिले. भिंतीवर कड उमटली. साक्षीदार जबाब देऊन गेला तेव्हा त्याच्या दिव्यांचा पिवळसर पट्टा रस्त्यालगत राहिला होता.

अहवालाच्या नमुन्यात पिकअप आणि ट्रॉली यांचेच रकाने होते. मी मोजमापे आणि निरीक्षणे एका स्वतंत्र जोडपत्रात लिहिली, ट्रॉलीचा दोष तसाच कायम ठेवला, आणि पिकअपपुढे ‘यांत्रिक दोष नाही’ असे लिहिले.

दोन महिन्यांनी पिकअपचा चालक कुबड्या घेऊन विम्यासाठी अहवालाची प्रत मागायला कार्यालयात आला. ज्या दुकानदाराने आपल्याला वाचवले, त्याला तो दर एकादशीला आठवणीने फोन करतो, असे त्याने आपणहून सांगितले. मग किंचित घुटमळत त्याने विचारले, ‘मॅडम, ती समोरची गाडी सापडली का हो?’

मी प्रत त्याच्या हातात दिली. जोडपत्र दुसऱ्या पानावर होते.