पाठ टेकायला खुर्ची

शनिवार, रात्र

आज आम्ही तिघी न बसताच परत आलो. गेली कित्येक वर्षं दर शनिवारी पाचला बेळगावच्या टिळकवाडीतल्या त्या कॉफी शॉपमध्ये भेटतो. खिडकीपाशी मरून रंगाचा सोफा होता, एका कडेला खचलेला. आता त्याच्या जागी उंच स्टूल आलेत, बिनपाठीचे. टेबलावर क्यूआर कोड चिकटवलाय, ऑर्डर मोबाइलवरून. मैत्रिणीनं स्टुलाच्या दांडीवर पाय ठेवला आणि परत खाली घेतला. "कशी चढू गं? गुडघा ऐकत नाही की." काउंटरवरचा ओळखीचा पोरगाही दिसला नाही. आम्ही दारात दिसलो की तो न विचारता एक बिनसाखरेची सांगायचा.

लेकाला सांगितलं तर म्हणाला, "मग दुसरीकडं बसा की." त्याला बसायला गल्लीचा कट्टा लहानपणापासून आहे. आम्हाला कुठं होता?

बेळगावात बसायच्या जागा तशा कमी नव्हत्या. सार्वजनिक वाचनालय तर १८४८ पासूनचं. शिवाय मंडळांचे कट्टे, देवळाच्या पायऱ्या, चहाची हॉटेलं. १९६७ ला सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबा रोज संध्याकाळी हॉटेलात असायचे आणि आई मला त्यांना बोलवायला पाठवायची. आत जायचं नाही, पायरीखालून हाक मारायची. एकदा एक आजोबा चहाची बशी ओठांपर्यंत नेऊन तशीच धरून बोलत होते. चहा धोतरावर ओघळत होता, पण त्यांना पत्ता नव्हता. बेळगाव महाराष्ट्रात का नाही, यावरून आवाज चढलेले. आपल्या गावाचं काय होणार ते तिथं बोललं जात होतं आणि आई घरी भाकरी थापत होती. बायका हॉटेलात गेल्याच तर 'फॅमिली रूम'च्या पडद्याआड. खाल्लं की उठायचं.

म्हणून साखळी दुकानांना सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान १९९६ ला बेंगळूरच्या ब्रिगेड रोडवर निघालं. पुढं तसली दुकानं आमच्या गावातही आली आणि एकटी बाई काचेमागं तासभर बसली तरी कुणी वळून बघेना. महाग होतं, आजही आहे. आईला ते परवडलं नसतं. पण आमच्यातली एक गोकाकची, घरात कन्नड. ती आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर कधी येणार होती? तिचे मिस्टर गेल्यावर ती पहिल्यांदा घराबाहेर पडली ती त्याच सोफ्यावर येऊन बसली. दीड तास कुणी काही बोललं नाही. पोरानं तेवढं दोनदा येऊन पाणी भरून ठेवलं.

दुकान शेवटी मालकाचं, हे मला कळतं. २०१८ मध्ये अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या स्टारबक्समध्ये काही न घेता बसलेल्या दोन कृष्णवर्णीय माणसांना पोलिसांनी पकडून नेलं. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा कंपनीनं तिथं कुणालाही बसायची मुभा दिली. २०२५ च्या जानेवारीत ती काढूनही घेतली. आम्ही तर दर वेळी पैसे मोजून बसतो. भाडं, पगार, विजेचं बिल त्यांनाही चुकत नाही. पण माणूस लवकर उठावा अशीच बैठक केली, तर पहिल्यांदा म्हातारी माणसं उठतात आणि मग ती येतच नाहीत. शनिवारी आमच्यातली एक जरी आली नाही तर उरलेल्या दोघी फोन करतात. हे फोन त्या सोफ्यामुळं सुरू झाले.

रात्री गोकाकच्या बाईंचा फोन आला. पुढच्या शनिवारी मॅनेजरला भेटायचं ठरलंय. एक टेबल, पाठ टेकायला तीन खुर्च्या, एवढंच मागायचं. तो हुबळीकडचा दिसतो, त्यामुळं आधी ती कन्नडमधून बोलेल. मी शेजारी उभी राहीन.