गालातल्या छातीच्या कातडीला कर्करोग

इंदूरमध्ये गालाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ही आमच्यासाठी रोजची गोष्ट. रोग कापून काढायचा, आणि छातीच्या स्नायूसकट तिथली कातडी मानेतून वर आणून गालात शिवायची. या आणून शिवलेल्या तुकड्याला आम्ही ‘फ्लॅप’ म्हणतो. १९७९ पासून ही पद्धत रूढ आहे. एकदा ती कातडी जगली, की तिच्याकडे कुणी निरखून बघत नाही. मला राग येतो तो याचाच.

अशीच शस्त्रक्रिया झालेले एक काका गालातला चट्टा घेऊन आले. चट्टा फ्लॅपच्या मधोमध होता, टाक्यांच्या रेषेपासून चांगला दोन बोटं आत. जुना रोग उलटतो तेव्हा बहुधा कडेला दिसतो. लाळेत भिजून छातीची कातडी एरवीही पांढरट होते, वर बुरशी धरते. म्हणून आधी दोन आठवडे बुरशीचं औषध दिलं. पांढरेपणा गेला, पण बोटाला लागणारा टणकपणा तसाच राहिला.

आधी दुसरीकडे बायप्सी (तुकडा काढून तपासणी) झाली होती आणि रिपोर्टात नुसता दाह आला होता. तुकडा वरवरचा घेतला, की हातात केराटिनचा, म्हणजे कातडीवरच्या मृत पेशींचा, थर येतो आणि रोग खाली राहतो. आम्ही दोन जागांहून, निरोगी कडेसकट, थेट चरबीपर्यंत तुकडे घेतले आणि दहापट फॉर्मॅलिनमध्ये टाकले. फॉर्मवर ठळक लिहिलं: ‘छातीचा फ्लॅप’. गालाच्या आतल्या अस्तरात केस नसतात; नुसतं ‘गाल’ लिहिलं, तर केसांची मुळं पाहून पॅथॉलॉजिस्टला बाटली बदलल्याची शंका येते.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा कर्करोग, निघाला. खाली केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी होत्या, आणि कडेच्या श्लेष्मल त्वचेपर्यंत (तोंडाच्या मूळ अस्तरापर्यंत) मध्ये निरोगी कातडी होती. म्हणजे रोग त्या कातडीतच उगवला होता.

“तंबाखू केव्हाच सोडली डॉक्टरसाहेब, फक्त सुपारी,” काका म्हणाले. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (IARC) २००३ मध्येच जाहीर केलं. घराघरात ते अजून पोचलेलं नाही. शिवाय पहिल्या वेळी रेडिएशनही झालं होतं.

पूर्ण फ्लॅपची कातडी काढली, कारण सुपारी सगळ्याच कातडीने सोसली होती. मग मांडीचा फ्लॅप बसवला, म्हणजे त्याच तोंडात पुन्हा नवी कातडी. नुसता स्नायू ठेवला असता तर त्यावर तोंडाचंच अस्तर चढलं असतं, पण तो आकसतो आणि तोंड उघडेनासं होतं. काकांचं तोंड आधीच जेमतेम दोन बोटं उघडत होतं. म्हणून कातडी निवडली. तो निर्णय मनात अजून घोळतो आहे.