टेबलाखालची पिशवी

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा.

नागपुरात नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, समोरासमोर आल्या तेव्हा मी गर्दीच्या कडेला उभा होतो. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहायचो तीच ही मिरवणूक. महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे, म्हणजे टीका करणारे पुतळे, पुढे सरकत होते आणि सगळी इतवारी ओरडत होती, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!’ मीही तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. माझी पीडा सीताबर्डीच्या ऑफिसात, टेबलाखालच्या प्लास्टिकच्या पिशवीत होती.

मी व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्न भरतो. इतवारीतले एक काका ५ तारखेच्या आत बिलांची पिशवी आणून देतात, एकदाही चुकले नाहीत. विक्रीची बिलं ११ तारखेला कशीबशी चढवली. खरेदीचा गठ्ठा तसाच पडला. २० तारखेची ३बी, म्हणजे कर भरायचं महिन्याचं रिटर्न, मी काल, २२ ला भरली. दिवसाला ५० रुपये लेट फी, शिवाय करावर १८ टक्क्यांनी व्याज. काकांचा फोन आला तर म्हणालो, ‘सर्व्हर डाउन होता, काका.’

सर्व्हर चालू होता.

पैशापेक्षा ते वाक्य मला जास्त टोचलं. किती सहज आलं! जुलै २०१७ पासून मी हेच बोलत आलोय: गिऱ्हाईक बिलं उशिरा देतं, नियम सारखे बदलतात, ४५ डिग्रीत डोकं चालत नाही. यातलं बरंचसं खरंही आहे. पण काकांच्या पिशवीला यातलं एकही कारण लागू नव्हतं.

मिरवणूक पुढे गेली तसा त्यांच्या दुकानाकडे वळलो. शटर अर्धं उघडं होतं. सगळं सांगून टाकलं, लेट फी आणि व्याज मी देतो म्हणालो. ते गल्ल्यामागे जरा वेळ गप्प राहिले. ‘पैशाचं राहू दे बाबू. तू फोनवर बोलून राहिला होता ना, तवाच समजलं मले.’ म्हणजे कालपासून तेच माझी लाज राखत होते. मान वर करवेना.

सवय २१ दिवसांत लागते असं नेहमी ऐकतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांचा अभ्यास झाला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले. कोणाला १८, कोणाला २५४. मला धीर दिला तो दुसऱ्याच गोष्टीने. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. मी तर एक दिवस हुकला की अख्खा महिना सोडून द्यायचो. त्या लोकांनी नवं काम रोजच्या ठरलेल्या एखाद्या गोष्टीला जोडलं होतं. माझी ठरलेली गोष्ट चार वाजताचा चहा. कप खाली ठेवला की फोन ड्रॉवरमध्ये, आणि त्या दिवशी आलेली पिशवी लगेच उघडायची. २० मिनिटं पुरे. खोटं बोलण्याला मात्र अशी वेळ लावून देता येत नाही. तिथे फोन वाजेल त्या क्षणीच स्वतःला सांभाळावं लागेल.

चारला ऑफिस उघडलं. चहावाला नव्हता, घरून थर्मास नेला होता. कप ठेवला. फोन ड्रॉवरमध्ये टाकण्याआधी आणखी एका गिऱ्हाइकाला लावला. त्यांचीही ३बी बाकी आहे आणि त्यांनी अजून विचारलेलं नाही.

‘भाऊ, तुमचं रिटर्न राहिलं. माझ्याकडून राहिलं.’